निबंधाचा झाला अर्ज

...आणि वर हेडक्लार्ककाका मलाच म्हणतात, "मसुदा चोख झालाय, नुसती सही करा!" अहो, सही? निबंधावर? पण मी कोण बोलणार! तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, मला कापड कळतं, इंग्रजी कळत नाही!

पोरीला इंग्रजीत निबंध लिहायचा होता, 'माझी आई'. आता घरातलं इंग्रजी बघायची हिची आईच, भांडी घासता घासता धडा म्हणवून घ्यायची, आणि ती तर आठ महिन्यांपूर्वी गेली... ताप काय, दवाखाना काय, चार दिवसांत सगळं आटोपलं. मग मी काय करणार? बाहीचं माप विचारा, डोळे मिटून सांगतो, पण स्पेलिंग? कापड कळतं हो, इंग्रजी नाही! म्हणून गेलो समोरच्या हेडक्लार्ककाकांकडे. बत्तीस वर्षं कचेरीत रजेचे अर्ज लिहिलेला माणूस! चष्मा पुसला, घसा खाकरला, "विषय कोणताही असो हो, सुरुवात 'महोदय'नेच!" आणि जे सुटले, ते पान संपल्यावरच थांबले.

घरी आल्यावर पोरीनं शब्दांवर बोट ठेवून ठेवून मला मराठीत अर्थ सांगितला. "महोदय, माझी आई गेले आठ महिने घरी गैरहजर आहे. तिच्यावाचून घरातील सर्व कामे खोळंबली आहेत. तरी तिला तातडीने रुजू होण्याचा आदेश द्यावा, ही नम्र विनंती."

मी जो भडकलो! म्हटलं, फाड ते, आईवर कोणी अर्ज करतं का? आत्ता जातो आणि काकांना चांगलं... तर पोरगी वही छातीशी धरून म्हणते, "राहू दे ना बाबा. मला असंच लिहायचं होतं."

घेतलं पेन, केली सही. अर्जाला पालकाची लागतेच.

काल वही परत आली. मार्क नाहीत! खाली बाईंनी लाल शाईत तीन ओळी लिहिलेल्या, त्याही इंग्रजीत, म्हणजे झालीच पंचाईत! म्हटलं, वाच बरं. पोरीनं तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं, नाक ओढलं, आणि म्हणाली, "काही नाही बाबा. 'छान' लिहिलंय."

तुम्हीच सांगा, नुसत्या 'छान'ला तीन ओळी लागतात?... लागत असतील बुवा. मला कापड कळतं, इंग्रजी कळत नाही.