बाकी नऊ

नाही नाही ताई, तुमचं मशीन चुकतंय — परत टाका. मी एकेक आकडा सांगतो. पाच, आठ, सात, एक, एक, तीन, चार, चार, शून्य, एक, पाच, सात. झाले बारा? मग? पुन्हा तेच? सहा लाख चार हजार एकशे एकाहत्तरनं पूर्ण भाग जातो? — कसा जाईल हो! मूळ संख्या आहे ही. एक आणि ती स्वतः, तिसऱ्या कुणाचा भागच जात नाही. कॉलेजवाल्यांना कळवलं होतं, त्यांचंही असंच पत्र आलं, म्हणून तर तुमच्या सायबर कॅफेत धावत आलो. सात लाख सहासष्ट हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंय आम्ही. पुढे जावं लागत नाही — भाजक मोठा असला तर त्याचा जोडीदार लहान असतो, तो आधीच हाती लागतो. साठ हजारांवर भागाकार, हातानं! रोज पंधरा-सोळा, अकरा वर्षं.

आम्ही म्हणजे मी आणि आमची ही. मी दारोदार पाण्याचे मीटर वाचणारा, मला कुठलं गणित — गणित लेकीचं. ती अपघातात गेली, तेव्हा तिच्या वहीच्या कोपऱ्यात हा आकडा होता, पुढे लिहिलेलं, ‘मूळ असेल का?’ घरात आम्ही दोघंच. जेवलो की ही एका खोलीत, मी दुसऱ्या. बोलायचं काय? मग एकदा म्हटलं, चल, बघू तरी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसायला लागलो. ही हळू, मी ओरडायचो — अगं, एका भागाकाराला किती वेळ! तर म्हणायची, “तुम्हाला कसली घाई आहे?” संपलं त्या दिवशी मी टेबल बडवलं, मूळ आहे, मूळ आहे! आणि ही रडायला लागली. म्हणाली, “आता दुसरा आकडा घेऊया का हो?” म्हटलं, वेड लागलंय का, पोरीला उत्तर मिळालं, बस झालं. वर्षाच्या आत तीही... असो.

थांबा, वहीच दाखवतो, पिशवीत आहे. सहा लाख चार हजार एकशे एकाहत्तर — हे बघा, हिचंच अक्षर. बाकी नऊ! उरलेत ना नऊ? शेवटची वजाबाकी बघा की — बेचाळीस लाख एकोणतीस हजार एकशे सत्त्याण्णव, त्यातून गेले बेचाळीस लाख एकोणतीस हजार एकशे... सारखेच आहेत. दोन्ही सारखेच. मग नऊ कुठून उरले? ही शेपटी — शाई वेगळी आहे ना, ताई? शून्य होतं. शून्याला शेपटी काढलीय हिनं.

म्हणजे ठाऊक होतं तिला. आणि ह्याच्यानंतर दोन वर्षं रोज समोर बसली, खाली मान घालून भागत राहिली — कशाला? मी उठलो असतो ना! वही मिटून आपल्या खोलीत गेलो असतो. आणि दुसरा आकडा म्हणाली तेव्हा मी तिला —

नको, प्रिंट नको. त्या पानाला हात नका लावू! द्या इकडे. झालं माझं काम. पुढच्याला बोलवा तुम्ही.