कलई काढून द्या

नाही चाचा, कलई करून नको, काढून पाहिजे! हौ, बरोबर ऐकलं तुम्ही. हसू नका न. हे पातेलं, हा पितळेचा गंज, आतून काळा होता. कॉलेजात होती तेव्हापासून मी याच्यात केक करत आली, अन् एकदाही घासला नाही, नुसता फडक्यानं पुसायचा — तूप मुरून मुरून त्याले आतून कातडीच आली होती. तिच्यावर तुपाचा हात फिरवायचा, मैदा भुरभुरायचा, उलटा करून ठोकायचा, मग शेगडीवर रेतीत ठेवायचा — अन् उतरवल्यावर घाई नाही करायची, कोमट होऊ द्यायचा. पालथा घातला की आख्खा केक ताटात! खेड्यातल्या बायांले तो चिकना कागद कुठून भेटणार — अगं बाई! काय उडालं ते? कलईच्या नवसागराचा धूर होय? मले वाटलं, फुटलंच काही.

तर परसवाड्याच्या महिला केंद्रात हेच शिकवायची जागा निघाली होती. करून दाखवा म्हणाले. मी सगळ्यांसमोर गंज पालथा घातला — काहीच नाही. ठोकला — अर्धा केक पडला, बूड आतच. या चकचकीत कलईवर तूप टिकतच नाही चाचा, थेंब थेंब होऊन सरकते. सकाळी गंज पाहूनच समजलं होतं, कोणीतरी कलई केली, पण ऐन वेळी दुसरा कुठून आणू? अन् जागा कोणाले भेटली? अनुसयाले. माझ्या मैत्रिणीले! तिनंच तर गंज मागून नेला होता, अन् मी नसताना घरी देऊन गेली. मी विहिरीवर सगळ्या बायांसमोर विचारलं तिले, काहून घासून कलई करून आणलास माझा गंज? तर रडली. म्हणे, आईची शपथ, काळाच दिला. नाटकं! होस्टेलात एका ताटात जेवलो आम्ही, अन्... जाऊ द्या. सोमवारी लामत्याले बोलावलं आहे, तिथंही केंद्र उघडून राह्यलं. ते तरी हातचं जाऊ नये, म्हणून म्हणते, काढा ही कलई.

काय? तुमच्याच हातची? मग पाहा, मी म्हणत नव्हती! उंच, गोरी, लांब वेणी — नाही? बाई नव्हतीच? मग कोण... सायकलवर? राइस मिलातला? तेजराम? अहो चाचा, तो तर माझा दादा आहे. काय म्हणाला? आतून जास्त घासा, काळं राहू नये — असं म्हणाला?

त्याले माहीत होतं. मीच सांगितलं होतं, दादा, हात नको लावू, काळा आहे म्हणूनच सुटते. अन् परसवाड्याहून आली तर त्यानंच डोळे पुसले माझे. म्हणे, नशिबात नव्हती नोकरी, आता खैरलांजीच्या पाहुण्यांले हो म्हणून टाकू. त्यांले नोकरीवाली सून नको न... अन् मी अनुसयाले काय काय बोलली. सगळ्यांसमोर.

लामत्याचंही सांगून बसली आहे त्याले. खूश झाला, म्हणे मीच पोचवून देतो.

नाही, काढा. काढा, अन् तूप लावून तुमच्याच निखाऱ्यावर तापवत राहा. सोमवारपर्यंत इथंच ठेवा, मी इथूनच घेऊन बसनं जाईन. त्यानं विचारलं, तर मी आलीच नव्हती.

सायकलची घंटी वाजली न? तोच आहे. गंज पोत्याखाली सरकवा चाचा, मी भिंतीआड होते — अन् भाता मारा. मारा न! माझ्याकडे पाहू नका.