लाभपाचमपासून चालू

(सुरतजवळ, कडोदरा रस्त्यावरच्या एका डाइंग मिलची कॉम्प्युटर खोली. डिसेंबर १९९६, शनिवारची दुपार. वृषाली इथली ऑपरेटर, नरेंद्र पुण्याहून आलेला प्रोग्रामर.)

वृषाली : थांबला?

नरेंद्र : नाही.

वृषाली : सकाळपासून तेच. थांबला? नाही. थांबला? नाही. हात केल्यावर एसटीसुद्धा कधीतरी थांबते, सर.

नरेंद्र : चेष्टा नको. मी ब्रेकपॉइंट लावलाय. म्हणजे हिशेबाच्या ओळीवर खूण केलीय. कलर किचनच्या, म्हणजे रंग तोलायच्या खोलीतल्या टर्मिनलवर कुणी कापडाचं वजन टाकून बटण दाबलं, की प्रोग्राम त्या ओळीशी येऊन उभा राहायलाच हवा. मग आत काय चाललंय ते मला इथून दिसेल.

वृषाली : आणि तो काही उभा राहत नाही.

नरेंद्र : म्हणजे कुणी बटणच दाबत नाही. सरळ आहे.

वृषाली : सरळ?

नरेंद्र : हे बघा, रंगाचं प्रमाण काढणारं मॉड्यूल एकच आहे. लॅब तेच वापरते, कलर किचनही तेच. नवी पावडर जास्त तेज, कमी लागते, म्हणून गेल्या शनिवारी मीच ते बदललं. चारशे किलो मोरपंखीला लॅबमध्ये आकडा येतो आठशे चाळीस ग्रॅम. माझ्या स्क्रीनवरही आठशे चाळीस. मग कापड काळपट का निघतं? कारण तिथली माणसं स्क्रीन बघतच नाहीत, अंदाजानं पावडर ओततात. ब्रेकपॉइंट थांबत नाही हाच पुरावा. रिपोर्टात तेच लिहितोय.

वृषाली : म्हणजे लोटूआबा गेले.

नरेंद्र : ते रंग तोलणारे? ते तर बुधवारपासून घरीच आहेत ना?

वृषाली : घरी बसवलेत, चौकशी होईपर्यंत. तुमचा रिपोर्ट गेला की कायमचे. सतरा वर्षं तोलतायत. मॅनेजरसाहेब म्हणतात, अंगठेबहाद्दर माणूस, त्याला आकडा काय कळणार.

नरेंद्र : मला वाईट वाटतं. पण मशीन खोटं बोलत नाही.

वृषाली : मशीन कुठं बोललंय? ते तर गप्प आहे. बोलताय तुम्ही. कडोदऱ्याच्या चौकात पोलीस उभा केला, चोर उधन्याकडून निघून गेला, आणि फौजदार लिहितो, चोरी झालीच नाही. कलर किचनमध्ये जाऊन आलात का एकदा तरी?

नरेंद्र : गरज नाही. मी इथूनच त्या टर्मिनलचा जॉब, म्हणजे तिथं चाललेला प्रोग्राम, धरलाय.

वृषाली : शिवाय तुमचे बूट पांढरे आहेत, रंग लागेल.

नरेंद्र : वृषाली, तुम्ही फार बोलता.

वृषाली : मशीन गप्प आहे ना, कुणीतरी बोलायला हवं. थांबा, कलर किचनला फोन लावते... दत्तूभाऊ? मी वृषाली. मोरपंखी टाका. चारशे किलो. टाकलं? दाबा बटण... सर, थांबला?

नरेंद्र : नाही. बघा, दाबलंच नाही त्यानं.

वृषाली : दत्तूभाऊ, काय आलं?... परत वाचा. एकेक आकडा... एक, दोन, शून्य, शून्य. ठेवू नका फोन. सर, बाराशे.

नरेंद्र : शक्य नाही.

वृषाली : दत्तूभाऊ, सर म्हणतात तुमच्या डोळ्यांसमोर जे आहे ते शक्य नाही.

नरेंद्र : मॉड्यूल डीबगसाठी नीट कंपाइल केलंय. जॉबचा नंबर दोनदा तपासलाय. खूणही बरोबर ओळीवर आहे. त्या ओळीला न शिवता आकडा येईलच कसा? आणि तोही जुन्या पावडरचा?

लोटू : वृषालीमाय, शेस का आत? मना गमबूट राही गयात. वॉचमन म्हने, कॉम्प्युटरवालीले इचारी ये.

वृषाली : आबा! या, या. सर, हेच लोटूआबा.

नरेंद्र : नमस्कार. तिथंच थांबा हं, दाराबाहेर. रंगाचे पाय आत चालत नाहीत.

लोटू : माले माहीत शे, साहेब. आजवर हाई उंबरठा मी नही ओलांडा.

वृषाली : आबा, सोमवारी मोरपंखीला किती तोललेत?

लोटू : बाराशे. कॉम्प्युटरना डबड्यावर बाराशे उनं, मी बाराशे तोलं. अक्षर नही येत, पन आकडा वाचता येस माले. कोनी ऐकस का?

वृषाली : आज ऐकतील. सकाळी आल्यावर तुम्ही ते टर्मिनल चालू कसं करायचात?

लोटू : चालू? ते बंदच कधी व्हत नही, माय.

नरेंद्र : म्हणजे?

लोटू : दिवाळीनी लाभपाचमले पूजा व्हयनी ना त्यानी. नवंच व्हतं. शेठच्या आईनं वर कुंकवाचा साथिया, स्वस्तिक, काढा, नारळ फोडा. शेठनं सोताच्या बोटानं मुहूर्त करा अन म्हने, आ चालु ज राखजो. मॅनेजरसाहेबनी सांगं, जो बंद करी तो घर जाई. कोन हात लावी?

नरेंद्र : महिनाभर एकदाही साइन-ऑफ नाही? लाइट गेली तरी?

लोटू : त्याले वेगळी बॅटरी शे. समदी मिल अंधारात, ते एकलं उजेडात.

वृषाली : सर? ...सर, आता तुम्हीच थांबलात.

नरेंद्र : मी मॉड्यूल नवं केलं, तेव्हा जुनं खोडलं जात नाही. बाजूला पडतं. जो बाहेर पडून परत साइन-ऑन करतो त्याला नवं मिळतं. जो बाहेर पडतच नाही, तो जुनंच धरून बसतो. माझी खूण नव्यावर आहे.

वृषाली : म्हणजे पहारा नव्या घराच्या दारात, आणि माणूस राहतो जुन्या घरात.

नरेंद्र : पण मी सूचना लावली होती! सगळ्यांनी एकदा साइन-ऑफ करा म्हणून.

वृषाली : लावली होती. इंग्रजीत. या खोलीच्या आत, एसीच्या खाली. जिथं आबांना पाय ठेवायची बंदी.

नरेंद्र : बरं, झालं ते झालं. मी इथूनच तो जॉब संपवतो. दोन मिनिटांत ठीक होईल.

वृषाली : हात काढा कीबोर्डवरून.

नरेंद्र : अहो...

वृषाली : काढा आधी. तुम्ही संपवलंत की तिथं आठशे चाळीस दिसणार. मग साहेब म्हणणार, बघा, मशीन ठीकच आहे. आबांचे बाराशे मग कुणाला दाखवायचे?

नरेंद्र : मी लिहीन ना. तांत्रिक अडचण होती म्हणून.

वृषाली : तांत्रिक अडचण कुठल्या गावची? तिला नाव नाही, गाव नाही, आणि घरी बसायला आबा. दत्तूभाऊ, आहात ना? स्क्रीनला हात लावू नका. धावत जा, मॅनेजरसाहेबांना तिथं घेऊन या.

लोटू : जाऊ दे ना, माय. मी गमबूट लीसन जास.

वृषाली : गमबूट तिथंच राहू द्या, आबा. लागतील... हां साहेब, वृषाली बोलतेय. समोर काय आकडा आहे? तुम्हीच वाचा... बाराशे. चष्मा पुसून वाचा हवं तर... हो, सोमवारीही हाच होता... सर शेजारीच आहेत, तेच सांगतील. घ्या, सर.

नरेंद्र : हॅलो... हो, साहेब. लोटूंनी बरोबर तोललं होतं... नाही, त्यांची चूक नाही... माझी. आणि थोडी मुहूर्ताची... टर्मिनल एकदा बंद करावं लागेल... हॅलो? वृषाली, ते म्हणतात शेठच्या मुहूर्ताला मी हात लावणार नाही. दत्तूही नाही म्हणतोय.

वृषाली : वा! चारशे किलो कापड काळं केलं तेव्हा कुणाला भीती नव्हती.

लोटू : साहेब, दत्तूले सांगा, कुंकू पुसू नको, फक्त बटन दाब. पाप लागनं तर मना नावे.

नरेंद्र : दत्तू, आबा म्हणतात पाप त्यांच्या नावावर. दाब... हं. आता परत साइन-ऑन. मोरपंखी, चारशे किलो... दाब.

वृषाली : सर?

नरेंद्र : थांबला.

वृषाली : नक्की?

नरेंद्र : बरोबर माझ्या ओळीवर.

वृषाली : मग रिपोर्टातली ती ओळ खोडा. नवी मराठीत लिहा, आबांना वाचून दाखवायचीय. आणि आबा, बाहेर काय उभे राहता? या, बघा तरी कशापायी घरी बसवलं होतं ते.

नरेंद्र : या ना, आबा. पाय... चालेल.

लोटू : येस, साहेब. चार दिन घर बशीसन पाय साफ व्हयनात. आजच येता येई. उद्यापासून परत नही.