डॉक्टरांना कुणी सांगितलं

मेलिस : म्हणजे संघाच्या डॉक्टरांना तूच सांगितलंस.

ओदिल : हो. काल संध्याकाळी, हॉटेलच्या दारात गाठून.

मेलिस : आणि आज सकाळी जपानला जाणाऱ्या संघातून माझं नाव उडालं. सख्ख्या बहिणीने कापलं.

ओदिल : गुडघ्याने कापलं. पट्टी काढ आणि बघ, पावासारखा फुगलाय.

मेलिस : त्याच गुडघ्यावर काल तिसरी आले ना मी? स्कीइंगच्या विश्वचषकातली पहिलीच शर्यत, वय सतरा. अख्ख्या क्वीबेकने टीव्हीवर बघितलं.

ओदिल : मी खाली, शेवटच्या रेषेपाशी उभी होते. दुसऱ्या उडीतून बर्फावर टेकलीस तेव्हा सगळं वजन डाव्या पायावर घेतलंस. परीक्षकांना नसेल दिसलं.

मेलिस : तुला तेवढंच दिसतं. तू पडलीस त्या दिवसापासून प्रत्येक उतारावर तुला पडणारीच माणसं दिसतात.

ओदिल : गाडी चालवतेय मी. जरा हळू बोल.

मेलिस : नाही बोलणार. लहानपणापासून त्या बर्फाच्या उंचवट्यांवर हाडं खिळखिळी करून घेतली मी. उन्हाळ्यात सगळ्या पोरी तळ्यावर पोहायला जायच्या आणि मी पायाला स्की बांधून सरावाच्या घसरगुंडीवरून त्याच तळ्यात उड्या मारायचे, पाठ लाल होईपर्यंत. आता कुठे दार उघडत होतं, तर तू बाहेरून कडी लावलीस.

ओदिल : मोसम संपलेला नाही. सूज उतरली की...

मेलिस : माझ्या जागी ती राखीव फ्लोरांस जातेय. तिने जपानमध्ये चांगलं केलं की मला कोण विचारतंय? तुझी जागा अशीच गेली.

ओदिल : जागा नाही गेली, पाय गेला. माझं दुखणं प्रशिक्षकांना ठाऊक होतं, खोलीतल्या मैत्रिणींना ठाऊक होतं. सगळे गप्प बसले, कारण मी जिंकत होते.

मेलिस : खरं सांग. जळतेस ना माझ्यावर?

ओदिल : हो.

मेलिस : काय?

ओदिल : जळते. काल तू विजेत्यांच्या चौथऱ्यावर उभी राहिलीस, तेव्हा टाळ्या वाजवायला माझे हात उचलेनात. झालं समाधान?

मेलिस : मग काळजीचं सोंग कशाला आणतेस?

ओदिल : डोकं चालव जरा. जळूनच काही करायचं असतं तर गप्प बसले असते मी. विमानतळावर पोचवायलासुद्धा आले असते.

मेलिस : गाडी थांबव.

ओदिल : घर आलंच आहे. आईने वाटाण्याचं सूप करून ठेवलंय, शेजारपाजारचे जमलेत.

मेलिस : जाईन चालत. तुझ्याजवळ बसायचं नाहीये मला.

(गाडी थांबते. दार उघडतं. मेलिस सीटवरच बसून राहते.)

ओदिल : उतर ना.

मेलिस : उतरतेय.

ओदिल : मेलिस.

मेलिस : पाय सरळ होत नाहीये.

ओदिल : कधीपासून?

मेलिस : कालपासून. चौथऱ्यावर पहिल्या दोघींनी धरून ठेवलं होतं मला. लोकांना वाटलं, मिठी मारतायत.

ओदिल : आणि तू हसत होतीस.

मेलिस : कॅमेरे होते समोर. मी तुला माफ केलेलं नाहीये, ओदिल.

ओदिल : नको करूस. पाय आत घे, दार लावते.