कर्तव्यकठोर

मोनिका : अप्पा, त्या स्लाइडला हात लावू नकोस म्हणताय, पण तुम्ही स्वतः ती बघितलीय का एकदा तरी?

ज्ञानेश्वर : बघायचं काय त्यात? शाळेतल्या गोरक्ष सरांनी बसून केलीय. तू अक्षरं एकसारखी कर, शुद्धलेखन बघ आणि फाइल पेनड्राइव्हवर घे. सर निघालेत न्यायला. दुपारी सत्कार आहे माझा, हॉलवर पडदा लावून बघायचाय त्यांना.

मोनिका : अक्षरं केव्हाच झाली. तुमच्या जन्मगावापासून आजच्या निवृत्तीपर्यंत सगळं एका फॉन्टमध्ये आणलंय. वृक्षारोपणाचा फोटो आडवा ताणला होता, तोही नीट केला. अडलंय ते या एकाच स्लाइडपाशी.

साळूबाई : काय हाय गं त्यात? मघापासनं बाप-लेकी कुजबुजताय.

ज्ञानेश्वर : काही नाही. तू तुझी तयारी कर.

साळूबाई : माझी तयारी हुईल. मोने, चष्मा न्हाई माझ्याकडं. वाचून दाव.

मोनिका : आई, राहू दे ना...

साळूबाई : वाच म्हनते ना.

मोनिका : 'कर्तव्यकठोर मुख्याध्यापक. दहावीच्या परीक्षेत पोटच्या मुलालाही कॉपी करताना पकडले.' खाली पेपरातलं कात्रण आहे.

साळूबाई : कल्याणचा फोटू हाय?

मोनिका : आहे. शाळेच्या फाटकापाशी उभा आहे, मान खाली घालून. गोरक्ष सरांनी त्याच्या तोंडाभोवती लाल गोल काढलाय.

साळूबाई : काढ ती.

ज्ञानेश्वर : काढायची नाही. मोनिका, माऊस ठेव खाली.

साळूबाई : अहो, कल्याण यायचाय आज. रोहिणी यायचीय. त्यांची चिऊ यायचीय. ती पोरगी आता वाचाया लागलीय. मोठ्यानं वाचती, दुकानाची एक पाटी सोडत न्हाई. भर हॉलमंदी बापाचा फोटू बघून काय वाचंल ती?

ज्ञानेश्वर : खरं तेच वाचेल. खोटं काही लिहिलंय का?

साळूबाई : खोटं कोन म्हनतंय?

ज्ञानेश्वर : मग? केंद्रसंचालक होतो मी त्या दिवशी. दुसऱ्यांची पोरं सकाळीच वर्गाबाहेर काढली होती. त्यांच्या आया फाटकाबाहेर रडत होत्या. आणि माझ्या मुलाच्या मोज्यात चिठ्ठी सापडल्यावर मी ती गपचूप खिशात घालायची? का, तर भरारी पथक निघून गेलं होतं म्हणून?

मोनिका : अप्पा, तुम्ही चुकलात असं कुणीच म्हणत नाहीये.

ज्ञानेश्वर : आत्ता नाही म्हणत. तेव्हा या घरात माझ्याशी कोण बोलत होतं? ही ताट वाढून आत निघून जायची. तुझा भाऊ गॅरेजात कामाला लागला, पुन्हा परीक्षेला बसला नाही, त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर. बाहेर मात्र लोकांनी मान दिला. आज पाहुण्यांचं भाषणसुद्धा त्याच गोष्टीवर आहे. एवढ्या नोकरीत लोकांच्या लक्षात राहील असं एक काम माझ्या हातून झालं, तेच काढून टाकू? मग उरलं काय? वृक्षारोपण?

साळूबाई : मी बोलत नव्हते, खरं हाय. पन तुमी चुकला असं तवाबी म्हनले न्हाई नि आजबी म्हनत न्हाई. तुमी हेडमास्तर हुता, धरायलाच पायजे हुतं त्याला. पन एकदा धरलं ना? आज पुन्हा कशाला धरताय? दिवे घालवून, एवढाल्या पडद्यावर?

ज्ञानेश्वर : मी कुणाला धरत नाहीये. सत्कार आहे माझा.

साळूबाई : खाली बसलेल्याला कसं कळायचं, ह्यो सत्कार हाय का पंचनामा हाय?

मोनिका : आई, थांब. अप्पा, एकदा बघून तरी घ्या. मग तुम्ही म्हणाल तसं करते. वायर आहे माझ्याकडं, टीव्हीला जोडते. हॉलमध्ये दिसणार तसंच दिसेल.

ज्ञानेश्वर : लाव.

(मोनिका लॅपटॉप टीव्हीला जोडते. कात्रण सावकाश मोठं होत जातं, मुलाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल फिरत येतो आणि टाळ्यांचा कडकडाट वाजतो.)

ज्ञानेश्वर : टाळ्या कसल्या वाजतायत?

मोनिका : आवाज टाकलाय सरांनी. गोल पुरा झाला की आपोआप वाजतो.

साळूबाई : बंद कर गं बाई ते.

ज्ञानेश्वर : टाळ्या काढ. गोलही काढ. बाकीचं राहू दे.

मोनिका : काढलं दोन्ही. आता?

ज्ञानेश्वर : आता ठीक आहे.

साळूबाई : ठीक हाय? निरखून बघा जरा. अंगात शर्ट कुनाचा हाय त्याच्या? परीक्षेला अप्पांचा शर्ट घालतो म्हनला, शकुनाचा. बाह्या मीच दुमडून दिल्या हुत्या.

ज्ञानेश्वर : दिसतंय मला.

साळूबाई : दिसतंय तर मग...

ज्ञानेश्वर : अगं दिसतंय म्हटलं ना!

मोनिका : एक मिनिट, गोरक्ष सरांचा फोन येतोय. हॅलो सर... हो, झालंच आहे. केडगावात शिरलात? या ना... नाही, त्या एका स्लाइडवर जरा बोलणं चाललंय. ... काय? त्याला विचारलंत? कधी? ... बरं. या तुम्ही.

ज्ञानेश्वर : काय म्हणाले?

मोनिका : काल त्यांनी दादाला फोन केला होता. स्लाइड दाखवली तर चालेल का, असं विचारायला.

साळूबाई : आन त्यो?

मोनिका : 'दाखवा' म्हणाला.

ज्ञानेश्वर : घ्या! सांगत होतो मी. त्याच्या मनातसुद्धा नाही काही. काष्टीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, लोक नावाजतात त्याच्या कामाला. सुखात आहे तो. तुम्ही दोघीच धरून बसलाय.

साळूबाई : मोने, लाव फोन त्याला.

मोनिका : लावते. ... हॅलो, दादा? अरे, गोरक्ष सरांनी तुला... हो, तेच. तू खरंच 'दाखवा' म्हणालास? ... हं. ... निघताय ना? ... एकटाच? का रे? वहिनी? ... आणि चिऊ? अरे, ती तर नवा ड्रेस काढून ठेवलाय म्हणत होती मला... दादा, ऐक ना... बरं. नाही, नाही सांगत. ठेव.

ज्ञानेश्वर : काय नाही सांगत?

मोनिका : काही नाही.

ज्ञानेश्वर : मोनिका.

मोनिका : तो एकटाच येतोय. वहिनीला आणि चिऊला घरी ठेवून. तुम्हाला सांगायचं, की चिऊला ताप आलाय.

साळूबाई : ताप आलाय पोरीला?

मोनिका : नाही गं. मागं तिचाच आवाज येत होता. गाणं म्हणत होती.

साळूबाई : मग?

मोनिका : म्हणाला, 'अप्पांचा दिवस आहे. त्यांचं कौतुक होत असेल तर होऊ दे. मी येतो, मागं उभा राहतो. पोरीला तेवढं नको.'

साळूबाई : ऐकलं?

मोनिका : आई, नको आता बोलू.

ज्ञानेश्वर : मागं उभा राहतो म्हणाला?

मोनिका : हो.

ज्ञानेश्वर : कशी काढतात ती?

मोनिका : काय, अप्पा?

ज्ञानेश्वर : स्लाइड. कुठलं बटण?

मोनिका : मी काढते ना.

ज्ञानेश्वर : नको. मला सांग.

मोनिका : डावीकडं ही छोटी छोटी चित्रं दिसतायत ना, त्यातल्या कात्रणाच्या चित्रावर क्लिक करा. हां. आता हे डिलीट.

ज्ञानेश्वर : गेली?

मोनिका : गेली. पुढची वर सरकली.

ज्ञानेश्वर : सेव्ह कर. सरांकडं असेल ना ती अजून?

मोनिका : मूळ फाइल असणारच त्यांच्याकडं.

ज्ञानेश्वर : त्यांच्याशी मी बोलतो.

साळूबाई : आन पाव्हन्यांचं भाषन?

ज्ञानेश्वर : त्यांनाही सांगतो. दुसरं काहीही बोला म्हणावं.

साळूबाई : रागावतील ती मानसं. एवढं केलेलं...

ज्ञानेश्वर : रागावू देत.

मोनिका : गाडी थांबली बाहेर. सर आले वाटतं.

ज्ञानेश्वर : बसव त्यांना. चहा ठेवा. आधी मला कल्याणला लावून दे.

मोनिका : घ्या. रिंग जातीये.

ज्ञानेश्वर : कल्याण? ... मी अप्पा. ... नाही, झालं काही नाही. निघालास का? ... थांब मग जरा. चिऊ कुठंय? ... ते तापाचं राहू दे, तिच्याकडं दे फोन. ... कोण, चिऊ? काय करतेस? ... असं का? कुठल्या रंगाचा? ... मग घाल की तो. आणि बाबांबरोबर ये, आईलाही घेऊन ये. ... वेणी घातली नाही? असू दे गं, इथं आजी घालील. तू तशीच ये.