उणे पाचशे चार

मनकर्णाबाई: शाळेतून आल्या का पंचायतीतून? मांगं एक बाई आली होती, नाव लिहून गेली. मंग काहीच नाही.

प्रेरणा: दोन्हीकडून नाही, मावशी. मी प्रेरणा. गोंदियाला, फुलचूरला राहते. तुमच्या रेणूनं फेब्रुवारीत अर्जुनीला कंप्युटरवर परीक्षा दिली होती ना?

मनकर्णाबाई: हव. निवासी शाळेची. नवव्या वर्गाले घेनार होते. पास नाही झाली. आता कायले इचारता? धानाचा रोवणा बी होऊन गेला.

प्रेरणा: त्यातले गणिताचे प्रश्न मी तयार केले होते.

मनकर्णाबाई: तुमी? मंग सांगा न बाई, पोरगी कोठी चुकली? गुरुजी म्हनत, गणितात हिले कोनी हटवत नाही. न निकाल आला तं चाळीसातले आठ. बाकी सारे कोरे.

प्रेरणा: पहिले आठ सोडवले, आठही बरोबर. नववा प्रश्नच चुकीचा होता. त्याला उत्तरच नव्हतं.

मनकर्णाबाई: उत्तर नाही असा प्रश्न इचारतात का?

प्रेरणा: विचारतात, मावशी. मी मुद्दाम तसे दोन-तीन टाकले होते. पोरं आकडे घोकतात की विचार करतात, ते कळावं म्हणून. पण खाली एक बटण ठेवलं होतं, ‘हे शक्य नाही’. ज्याला कळलं त्यानं ते दाबायचं. वरच्या साहेबांनी बटण काढून टाकलं. म्हणाले, पोरं गोंधळतात, नुसता आकडा भरू द्या. बटण गेलं आणि तसा एक प्रश्न आत राहून गेला.

मनकर्णाबाई: तं सोडून पुढं जाची ना ते.

प्रेरणा: जाता येत नव्हतं. आकडा भरल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडतच नव्हता. सदतीस मिनिटं ती त्या एकाच प्रश्नावर होती. वेळ संपला.

मनकर्णाबाई: तुमाले मालूम नोतं?

प्रेरणा: बटण काढलं ते माहीत होतं. तसे प्रश्न सगळे निघाले का, ते पाहणं माझ्याकडे होतं. त्या दिवशी मला पाहायला पाहुणे येणार होते. घाई होती. न पाहताच मी ‘तपासलं’ म्हणून सही केली.

मनकर्णाबाई: तिच्या बाबानं निकालाच्या दिवशी म्हटलं, डोस्कं नाही तं पुस्तकं कायले, धानाच्या बांधीत कामाले चाल. मी बी म्हनली, मशीन पाहून खेळत बसली असशीन. तेव्हापासून गणिताचं पुस्तक उघडलं नाही तिनं. गुरुजी फळ्यापाशी बोलावतात तं म्हनते, मले येत नाही. आता सांगा, हे कोनी केलं? तुमी का आमी?

(रेणू तलावावरून धुण्याची बालटी घेऊन येते आणि उंबऱ्याशीच थांबते.)

मनकर्णाबाई: ये, रेणू. या मॅडम तुह्या परीक्षेच्या.

रेणू: आयकलं मी. पाच, सहा, तेरा.

प्रेरणा: आठवतं तुला?

रेणू: त्रिकोणाच्या बाजू पाच, सहा, तेरा. क्षेत्रफळ काढा. सूत्रात टाकलं तं मुळाखाली उणे आलं. उणे पाचशे चार. तीनदा केलं, तीनदा तेच.

प्रेरणा: मग?

रेणू: मंग कच्च्या कागदावर आखून पाह्यलं. तेराची रेघ. एका टोकाकून पाच, दुसऱ्या टोकाकून सहा. मधात दोन सेंटिमीटर उरतेच. भेटतच नाही.

प्रेरणा: म्हणजे तुला कळलं होतं.

रेणू: हव.

प्रेरणा: तू शून्य लिहिलंस आणि खोडलंस. सात वेळा. कंप्युटरमध्ये सगळं नोंदलेलं असतं. तेच पाहून मी तुला शोधत आले. शून्य भरून पुढे का गेली नाहीस गं?

रेणू: शून्य म्हंजे क्षेत्रफळ हाय अन् ते शून्य हाय. तेथी तं त्रिकोनच नोता. खोटं लिहिल्यासारखं वाटे.

प्रेरणा: आणि हात वर करून सांगावं...

रेणू: केला होता. सर म्हनले, कंप्युटर चुकत नाही, आपलं डोस्कं लाव. मंग मले बी वाटलं, मलेच येत नसंल.

प्रेरणा: तुझं बरोबर होतं, रेणू. कंप्युटर पोरांना वेगवेगळे आकडे देतो, अकरा जणांना हेच पडले होते. दहा जणांनी काहीबाही भरलं. बरोबर तू एकटीच होतीस.

रेणू: तवा कोठी लिहाचं होतं मॅडम, ‘होत नाही’ म्हनून? लिहाले जागाच नोती.

प्रेरणा: नव्हती. चूक माझी होती, तुझी नाही. मी ऑफिसात लेखी दिलंय तसं. काम गेलं माझं, ते जाऊ दे. हा अर्ज आणलाय. तू आणि मावशींनी सही केली तर त्या अकरा जणांची गणिताची परीक्षा परत घ्यावी लागेल. मी विचारून आले. यादी नव्यानं लागेल.

मनकर्णाबाई: म्हंजे हिले जागा भेटंल?

प्रेरणा: नक्की सांगत नाही. पण हिचे मार्क पाहता, भेटेल.

मनकर्णाबाई: कोठी करू सही? रेणू, पेन आन आतून.

रेणू: थांब, आई. मॅडम, जागा तं तेवढ्याच हायेत ना?

प्रेरणा: तेवढ्याच.

रेणू: मी गेली तं कोनी तरी निंघल.

प्रेरणा: शेवटच्या नंबरचं. हो.

रेणू: शेवटचा नंबर भुमेश्वरीचा हाय. आपल्या गावच्या दुधरामकाकाची पोरगी. तिलेबी पाच, सहा, तेराच आलं होतं. येताना एस्टीत सांगत होती, उणे सोडून देलं, पाचशे चारचं मूळ काढलं न बावीस भरलं.

मनकर्णाबाई: मंग तं चुकीचं लिहून गेली ते. तुह्या जागेवर गेली.

रेणू: एका प्रश्नानं नाही गेली, आई. बाकीचे तिनं सोडवले. मी नाही सोडवले.

मनकर्णाबाई: तुले सोडवू देले नाही.

रेणू: तिले माय नाही. काकी, तिची सावत्र माय, तिले घरी कशी ठेवत होती, तुले मालूम हाय. आता दर हप्त्याले फोन करते काकाच्या मोबाईलवर. तेथी जेवाले दोन भाज्या भेटतात म्हनते. तिले आता कोन सांगंल, परत ये म्हनून?

मनकर्णाबाई: न तुहं काय?

रेणू: माही जागा तं गेलीच ना. तीन महिने झाले शाळा सुरू होऊन.

प्रेरणा: रेणू, आजच ठरवू नकोस. बाबांना विचार. अर्ज ठेवून जाते.

रेणू: ठेवू नका, मॅडम. बाबा पाहतीन तं सही करतीन.

मनकर्णाबाई: करू दे ना मंग. येडी हायेस का तू? बाई, ठेवा तो कागद.

रेणू: आई, तू बाबाले फक्त एवढंच सांग, माहं बरोबर होतं म्हनून. मले तेवढंच पाह्यजे.

मनकर्णाबाई: सांगतो बाई. आज सांगतो. मीच कायबाय बोलली होती तुले. मनात ठेवू नको.

प्रेरणा: मी निघते, मावशी. अर्ज सध्या माझ्याकडेच राहू दे.

मनकर्णाबाई: चहा बी नाही घेतला तुमी.

प्रेरणा: नको. चारची एस्टी आहे.

रेणू: चला, पोचवून देतो. तलावाच्या पाळीवरून जवळ पडते.

प्रेरणा: रेणू, राग आहे का गं माझा?

रेणू: हव जी. पाय सांभाळून टाका, येथी चिखल हाय.