बारा मिनिटांचा भाग आणि अख्खं पुडकं शेवाळ

…आणि वर म्हणे बारा मिनिटांचा भाग! अहो, आमच्या कोरियातल्या गुन्सानमध्ये बारा मिनिटांत बस डेपोच्या फाटकाबाहेर पडत नाही, तीस वर्षं चालवलीय मी, मला विचारा! आणि मोबाइलवरच्या या मालिकेत तेवढ्यात त्या पोराने पोरीला छत्री दिली, तिच्या अंगावर कॉफी सांडली, चुकलो म्हणाला, आणि मग दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसले… अरे, बोल ना बाबा! बारा मिनिटं हो, फक्त बारा मिनिटं!

पण आमची ओक-सुन, म्हणजे बायको हो माझी, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून, तोंडावर हात ठेवून बसलेली. मी काही बोललो की "शू!" चौतीस वर्षांच्या संसारात इतक्या वेळा गप्प नव्हतं बसवलं मला.

तर रविवारी दुपारी शेवटचा भाग. तो पोरगा अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप करतो. आता आमच्यात वाढदिवसाला ते सूप हवंच, पण करतं कोण? आई करते, बायको करते! हा टायवाला पातेलं ढवळतोय, ती पोरगी रडतेय, आणि इकडे आमची ओक-सुनही रडतेय! मी आपला म्हणालो, "सूप करायला रजा? साहेबाने हाकललं पाहिजे याला!"

झालं. तिने मालिका थांबवली. "दाल-लेचे बाबा," पोरीच्या नावानेच हाक मारते ती मला, "आज काय आहे?"

"रविवार."

"आणि?"

आता तुम्हीच सांगा, रविवारला आणखी काय असतं? तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. मोठ्या आकड्याखाली तो मुंगीएवढा चांद्र तारखेचा आकडा असतो ना… घात! हिचा वाढदिवस चांद्र तारखेने! मी मोठ्या आकड्याने मोजत होतो. ती तारीख गेल्या महिन्यातच गेली, ही काही बोलली नाही, म्हटलं चला, सुटलो!

ओरडली असती तर परवडलं असतं हो. ती एवढंच म्हणाली, "दर वर्षी माझं सूप मीच करते. यंदा कंटाळा आला." टॉवेल उचलला आणि कोपऱ्यावरच्या सार्वजनिक स्नानगृहात निघून गेली. सांगतो तुम्हाला, चौतीस वर्षं ही बाई स्वतःच्या वाढदिवसाचं सूप स्वतः करून मला वाढत होती, आणि मी म्हणत होतो, मीठ कमी आहे!

ती आंघोळीला गेली की दोन तासांची निश्चिंती. म्हटलं, त्या पोराला बारा मिनिटांत जमतं, बारा मिनिटांत, आणि मला जमणार नाही? पुडकं उघडलं. मूठभर वाळके काळे तुकडे! एवढ्याने कोणाचं पोट भरणार? घातलं अख्खं भिजत. मांस चिरून मागे वळतो तो शेवाळ पातेल्याबाहेर! परात घेतली, परात भरली. किमचीचा कोबी खारवायचा टब काढला… टबही भरला! मग पुडकं वाचलं. 'वीस जणांसाठी.' आधी वाचतं का कोणी?

घरातल्या सगळ्या पातेल्यांत सूप उकळायला लागलं, वास जिन्यात गेला, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चो बाई धावत वर! "अगं बाई, दाल-ले बाळंत झाली? लग्न कधी झालं?" बाळंतिणीलाही हेच सूप देतात ना आमच्यात! पोरीची अब्रू वाचवायला खरं सांगावंच लागलं.

"नाही हो, बायकोचा वाढदिवस. मी केलंय."

"तुम्ही?"

"मी."

"स्वतः?"

दिला एक डबा भरून. मग खालचे सगळे मजले. तरी टब संपेना!

ओक-सुन आली. ओले केस, लाल गाल. टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वाडगा घेऊन बसली. एक चमचा… दुसरा…

"खारट झालंय," म्हणाली. आणि वाडगा पुढे केला, आणखी वाढा म्हणून. भरून आलं हो मला, खोटं कशाला बोलू?

आता चार दिवस झाले. जिन्यातल्या बायका मला कमरेत वाकून नमस्कार करतात, आणि त्यांचे नवरे? एक माणूस ओळख दाखवील तर शपथ! काल कचरा टाकायला खाली गेलो, तर चो साहेब उभे, हातात शेवाळाचं पुडकं.

"दाल-लेचे बाबा," म्हणाले, "मंगळवारी आमच्या हिचा वाढदिवस आहे. किती भिजवायचं तेवढं सांगा… आणि पुन्हा आमच्या मजल्यावर पाऊल टाकू नका!"